ठाण्याहून कॅम्परव्हॅननं कोकण किनारा: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कॅम्परव्हॅन म्हटली की लोक आधी गाडीच्या पोटात काय आहे ते विचारतात. फ्रिज आहे का, एसी आहे का, टॉयलेट आहे का. ठाणे-नवी मुंबईहून कोकण किनाऱ्याला निघणाऱ्या माणसानं पहिला प्रश्न वेगळा विचारावा: गाडी बाहेरून किती लांब, किती रुंद, किती उंच? कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नारळ-पोफळीच्या वाड्यांमधल्या गल्लीत ती वळेल का, जंगलजेट्टीच्या (गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटीच्या) उतारावर तिची शेपटी घासेल का, मुक्कामाचा घरमालक तिला अंगणात घेईल का. दुसरी गोष्ट, हा प्रवास किलोमीटरमध्ये मोजायचा नाही, खाड्यांमध्ये मोजायचा. गोव्यापर्यंत चार दिवसांत जाऊन येण्याचा बेत केला असेल तर तो आत्ताच मोडा. पहिल्या खेपेला रत्नागिरी पुष्कळ झाली. मालवण-वेंगुर्ला पुढच्या खेपेला.

१. गाडी निवडा, पण टेप घेऊन

भाड्यानं मिळणाऱ्या व्हॅन ढोबळमानानं दोन प्रकारच्या असतात. एक, टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली मोठी गाडी: चार-पाच जण झोपतात, आत उभं राहता येतं, बहुतेक वेळा ड्रायव्हरसकट मिळते. दुसरी, मोठ्या एसयूव्हीवर किंवा छोट्या व्हॅनवर केलेली: दोघांची झोपायची सोय, मागचं दार उघडलं की स्वयंपाक.

माझं मत स्पष्ट आहे. दोघं किंवा तिघं असाल तर लहान घ्या. नागाव-चौल-रेवदंड्याचा वाड्यांमधला रस्ता, दिवेआगरच्या आतल्या आळ्या, केळशी-आंजर्ल्याकडची वळणं, इथे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात आणि समोरून एसटी येते. एसटीचा ड्रायव्हर मागे जात नाही. मागे तुम्हालाच जायचं असतं.

आईवडील बरोबर असतील, मुलं असतील, तर मोठी गाडी लागतेच. मग ती ड्रायव्हरसकटच घ्या आणि त्याच्या झोपायची, जेवायची व्यवस्था आधी ठरवा. हे पुष्कळजण विसरतात आणि मग ड्रायव्हरकाकांना रात्रभर स्टिअरिंगवर मान टाकून बसावं लागतं. सकाळी तोच माणूस घाटात तुमची गाडी चालवणार असतो.

एक शहरी अडचणही लक्षात ठेवा. घोडबंदर रोडला किंवा खारघरला राहत असाल तर सोसायटीचं पार्किंग पोडियममध्ये असतं आणि तिथली उंची बहुधा साध्या गाड्यांपुरतीच ठेवलेली असते. हाय-रूफ ट्रॅव्हलर तिथे शिरत नाही. सामान भरायला गाडी आदल्या रात्री येणार असेल तर सेक्रेटरींना आणि वॉचमनला आधी सांगून खाली मोकळ्यावर जागा मागून ठेवा.

२. नंबरप्लेट बघा, मगच पैसे द्या

सगळ्यात मोठा सापळा हा आहे. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असावी लागतात. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी असेल तर पिवळी पाटी, काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्यानं देता येत नाही. पुष्कळ हौशी मंडळी स्वतःची व्हॅन ओळखीत 'थोड्या खर्चावर' देतात. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि पोलिसांसमोर उभे तुम्ही असता.

लायसन्सबद्दल घाबरू नका. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीचं लायसन्स चालतं. ही गाडी व्यावसायिक नोंदणीची असली तरी चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्याकडच्या व्हॅन या वजनाच्या आतच बसतात.

आपल्याच गाडीत पलंग-ओटा ठोकून घ्यायचा विचार असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजून घ्या. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आरटीओची परवानगी लागते. काढता-घालता येणारी गादी आणि खोकी वेगळी, छत कापून उंच करणं वेगळं. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बांधून देणारा माणूस ते नाव ऐकून गोंधळला तर दुसरा शोधा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्याखाली नोंदणी झालेली गाडी मिळाली तर उत्तम.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स (डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं चालतं, पण जेट्टीवर नेटवर्क रुसतं, म्हणून मूळही जवळ ठेवा)
- आरसी, विमा, पीयूसी. भाड्याची गाडी असेल तर परमिट आणि फिटनेस
- भाडेकरार, त्यात तुमचं नाव आणि तारखा
- चालू फास्टॅग, तो कोणाच्या खात्याला जोडलाय हे विचारून
- सगळ्यांची आधार कार्डं

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, छताचा आणि आतल्या काचा-नळांचा व्हिडिओ काढा. छताचा मुद्दाम. फांद्यांचे ओरखडे तिथेच असतात आणि डिपॉझिटही तिथेच अडकतं.

३. तारीख ठरवताना पंचांग काढा

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चपासून व्हॅनच्या आत उकडायला लागतं आणि घामानं झोप लागत नाही. कोकणातली हवा दमट, गाडीचा पत्रा तापलेला. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच गावांत पाण्याची टंचाई असते, तेव्हा शंभर लिटरची टाकी भरून मागणं बरं दिसत नाही. पावसाळ्यात नवख्यानं जाऊ नये. गणपतीत महामार्ग चाकरमान्यांचा असतो, त्यांना तो मोकळा सोडा. नाताळ ते एक जानेवारी अलिबाग-काशीद पट्ट्यात फिरकू नका. शिमग्याला गेलात तर पालख्या बघायला मिळतील, पण वाटेत दोरी धरून पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे मागणारी पोरं भेटतील. सुटे पैसे ठेवा आणि हसतमुखानं द्या.

आता तिथी. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. हे ढोबळ आहे आणि मुंबई-अलिबागकडे बरं जुळतं. रत्नागिरीकडे वेळ थोडी अलीकडे येते. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

व्हॅनवाल्याला याचं काय? पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. ही खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या पुढेमागे येते. त्या वेळी जेट्टीवरचा उतार फार तिरका होतो आणि लांब शेपटीच्या गाडीचा मागचा भाग घासतो. नेमकी हीच वेळ आपल्याला 'लवकर निघू' म्हणून सोयीची वाटते. मोठी गाडी असेल तर सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा, तेव्हा भांग असतो, म्हणजे पाणी फार वरखाली होत नाही.

४. खाड्या मोजून रस्ता आखा

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधायची कामं चालू आहेत. ते होईपर्यंत रत्नागिरीच्या अलीकडच्या चार खाड्या जंगलजेट्टीनं ओलांडायच्या. एका दिवसात एकच जेट्टी, असा नियम करा. दोन जमतील असं नकाशावर वाटतं. व्हॅनमध्ये नाश्ता, आवराआवर, पाणी भरणं यात सकाळचे दहा सहज वाजतात.

*पहिला दिवस, ठाणे ते मुरूड.* ठाण्याहून कळवा-विटावा-ऐरोली करत ठाणे-बेलापूर रस्त्यानं खाली या, पुढे सायन-पनवेल महामार्गानं पनवेल आणि पळस्पे फाटा. तिथे राष्ट्रीय महामार्ग ६६ सुरू होतो. खारपाडा, पेण, वडखळ, मग उजवीकडे अलिबाग. पहाटे पाचला निघालात तर वडखळला चहा प्यायला वेळ असतो. आठला निघालात तर तिथल्या रांगेत बसून चहा प्यावा लागतो. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. परत फिरायची वेळ घड्याळ बघून ठरवा, पाणी गुडघ्याला लागल्यावर नाही. पुढे रेवदंड्याहून साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. कोर्लई किल्ल्याकडचा रस्ता कोळीवाड्यातून जातो, तिथे व्हॅन घालू नका. मुख्य रस्त्यावर लावून चालत जा.

*दुसरा, आगरदांडा ते दिघी.* मुरूडहून जंजिरा सकाळी करा, मग आगरदांड्याला जेट्टी. राजपुरीची खाडी ओलांडून दिघी, पुढे दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना आतला रस्ता सोडून शेखाडीवरून जाणारा समुद्राकाठचा रस्ता धरा. सगळ्या प्रवासात माझा सर्वात आवडता तुकडा हाच: एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खडकांवर फुटणारं पाणी, आणि मध्ये तुम्ही. घाई करू नका, थांबायला रुंद जागा आहेत. मुक्काम हरिहरेश्वर.

*तिसरा, बागमांडला ते वेश्वी.* सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू. फेब्रुवारीच्या शेवटापासून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. त्या दिवसांत गावात गर्दी असते, तेव्हा व्हॅन गावाच्या तोंडाशी लावा. केळशी, आंजर्लं, हर्णै. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव बघायचा असेल तर गाडी वरच लावा. बर्फाचे आणि मासळीचे ट्रक ये-जा करतात, त्यांची वाट अडवलीत तर जे ऐकून घ्यावं लागेल त्याला मी जबाबदार नाही. मुक्काम हर्णै-मुरूड-कर्दे या पट्ट्यात. हे दापोलीचं मुरूड, पहिल्या दिवसाचं नव्हे; नकाशात नाव टाकताना तालुका बघा.

*चौथा, दाभोळ ते धोपावे.* वाशिष्ठीची खाडी. बोटीनं काही मिनिटं, रस्त्यानं चिपळूणवरून गेलात तर अख्खी सकाळ. पलीकडे गुहागर. व्याडेश्वराचं देऊळ, सुरूचं बन, लांबलचक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा.

*पाचवा, तवसाळ ते जयगड.* गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी. हेदवीची बामणघळ भरतीला बघायची, तेव्हाच पाणी घळीतून उसळतं. कडेला जाऊ नका, शेवाळ असतं. तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे. जेट्टी बंद असेल किंवा गाडी फार मोठी असेल तर आतून भातगावच्या पुलाचा पर्याय आहे.

*सहावा, आरे-वारेवरून रत्नागिरी.* या रस्त्यावर वळणावर गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. तुमची व्हॅन त्यांच्यापेक्षा दुप्पट रस्ता अडवते, एवढं ध्यानात असू द्या.

जेट्टीवर काय करायचं ते थोडक्यात. आदल्या संध्याकाळी फोन करून पहिली-शेवटची फेरी विचारा आणि गाडीची लांबी सांगा. तिकीट गाडीच्या प्रकारावर आणि माणसांवर असतं. बोटीवरच्या माणसाचा हात बघून गाडी घाला, आरशात आणि कॅमेऱ्यात डोकं घालू नका. गॅसचा व्हॉल्व्ह बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये गाडी. आणि गुगल मॅपवर आंधळा विश्वास नको: कधी तो फक्त माणसांची होडी जाते तिथून तुम्हाला खाडीपार करायला निघतो, कधी जेट्टी सोडून शंभर किलोमीटरचा वळसा घालतो. हा सगळा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा.

५. रात्री गाडी कुठे लावायची

'समुद्रावर गाडी लावू, लाटांच्या आवाजात झोपू' हे चित्र मनातून काढा. पुळणीवर गाडी घालायला बंदी आहे, गुन्हा दाखल होतो. त्याआधी समुद्रच शिक्षा करतो. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत होते, गाडी रुतते आणि सहा तासांत भरती येते. दर मोसमात अशी एखादी गाडी लाटांत उभी असल्याचा फोटो फिरतो.

तयार कॅरॅव्हॅन पार्क या किनाऱ्यावर जवळपास नाहीतच, पण त्याची गरजही नाही. घरगुती राहण्या-जेवण्याची सोय गावोगाव आहे. आधी फोन करा आणि सरळ बोला: "काका, खोली नको, गाडी लावायला अंगण हवंय, बाथरूम वापरू, दोन वेळचं जेवण तुमच्याकडेच घेऊ." जेवण घेणार म्हटलं की बोलणं सोपं होतं. गाडीची उंची सांगा आणि फाटकाची रुंदी विचारा. वरून जाणारी विजेची तार किती खाली आहे हेही विचारा. एमटीडीसीची निवासं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे इथे आहेत, तिथेही आधी विचारून जागा मिळू शकते.

नारळाखाली गाडी लावू नका. नारळ सोडाच, वाळलेली झावळी पडली तरी छतावरचं सोलर पॅनेल जातं. घरमालक सावली म्हणून प्रेमानं तीच जागा दाखवतो.

वाडीबाहेर, मोकळ्यावर थांबायची वेळ आलीच तर गावच्या पोलीस पाटलांना सांगून थांबा. किनारपट्टीवर अनोळखी गाडी रात्री उभी दिसली की चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. देवळाच्या तळीवर भांडी घासू नका, हे सांगायची वेळ येऊ नये.

६. वीज, पाणी, गॅस आणि तो अवघड विषय

वीज. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-तास. लिथियम असेल तर त्यातले बरेचसे वापरता येतात, साध्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत. पंचवीस वॉटचे दोन पंखे आठ तास म्हणजे ४००. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात ५००च्या आसपास. दिवे, फोन १००. झालं, बॅटरी संपत आली. यात १,५०० वॉटची इंडक्शन शेगडी अर्धा तास लावली तर आणखी ७५० गेले. 'एसी रात्रभर चालतो' असं कोणी म्हणालं तर 'कशावर?' असं विचारा. उत्तर एक तर जनरेटर असतं, नाही तर घरमालकाचं बोर्ड. बोर्डावर लावायचा तर पंधरा अँपिअरचा पॉइंट हवा, नाही तर त्यांच्या घरातले दिवे जातील. जाड वायरचं लांब एक्स्टेन्शन स्वतःचं न्या आणि विजेचे पैसे न मागता द्या.

गॅस. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीत घालू नका. पाच किलोचा मिळतो, तो बांधून, उभा, हवा खेळेल अशा जागी ठेवा. दार-खिडकी बंद करून आत शेगडी पेटवू नका. खरं सांगायचं तर सकाळचा चहा आणि पोरांची मॅगी याखेरीज शेगडी लागत नाही. आंबोळी, घावन, सुरमईची थाळी, सोलकढी सोडून गाडीत खिचडी कोण शिजवतं!

पाणी. आंघोळ घरमालकाकडे केली तर चौघांना दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पुरतं. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, ती वेळ संध्याकाळीच विचारून ठेवा. पिण्याचं वेगळं.

टॉयलेट. व्हॅनमध्ये बहुधा कॅसेट, म्हणजे बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी असते, ती दर एक-दोन दिवसांनी रिकामी करावी लागते. खाडीत, ओढ्यात, रस्त्याकडेला कधीही नाही. घरमालकाला विचारून त्यांच्या संडासात ओता आणि नंतर स्वतः पाणी मारून धुवा. गाडी घेतानाच भाडेवाल्याकडून हे काम शिकून घ्या आणि स्वतःच्या हातानं एकदा करून बघा. रात्री अकराला, टॉर्च तोंडात धरून शिकण्याचं हे काम नव्हे. मला विचाराल तर ते टॉयलेट फक्त रात्रीच्या अडीनडीला ठेवावं.

७. बरोबर घ्यायच्या वस्तू

कपडे आणि खाऊ तुम्हाला कळतं, त्यात मी पडत नाही. हे मात्र विसरू नका:

- मोजायची टेप आणि गाडीची उंची-रुंदी लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलेली चिठ्ठी
- चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ठोकळे. अंगण सपाट नसतं
- पाण्याच्या नळीचा गुंडाळा, दोन मापांची जोडणी
- मच्छरदाणीची जाळी आणि चिकटपट्टी, खिडक्यांना
- टायरमधली हवा मोजायचं आणि भरायचं यंत्र, टो-रोप
- रोख पैसे, सुट्यांसह
- दुसऱ्या कंपनीचं एक सिम

डिझेल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी इथे भरून घ्या. काटा अर्ध्यावर आला की भरायचं. मधल्या गावांत पंप असेलच असं नाही. मदतीचे नंबर: पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दल १५५४. पोहायला उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारा. काशीद, गणपतीपुळे इथला किनारा दिसतो तसा सरळ नाही, पाणी एकदम खोल होतं.

८. परतताना

परतीला किनारा धरू नका. रत्नागिरीहून हातखंब्याला महामार्ग ६६ वर या आणि संगमेश्वर, चिपळूण, खेड, कशेडीचा बोगदा, महाड करत वर. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, पण अख्खा दिवस धरा. रविवारी संध्याकाळी माणगाव आणि वडखळ टाळा. म्हणजेच शनिवारी परता किंवा सोमवारी. दमलात तर महाडला थांबा. आधीच्या कोणत्याही टप्प्यावरून घरी फिरायचं झालं तर श्रीवर्धनहून माणगाव, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण, असे महामार्गाकडे जायचे रस्ते आहेत.

गाडी परत द्यायच्या आधी गोड्या पाण्यानं धुवा, खालूनसुद्धा. खाऱ्या हवेनं ब्रेकच्या डिस्कपासून सिलेन्सरपर्यंत सगळ्याला गंज धरतो. पनवेलच्या आसपास अंडरबॉडी वॉश करणारी सेंटर आहेत, तिथली पावती जपून ठेवा. गाद्या झटकून वाळू काढा, कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून द्या, फ्रिजचं दार उघडं ठेवा. पहिल्या दिवशी काढलेला व्हिडिओ मालकासमोर लावा, छतासकट गाडी दाखवा आणि डिपॉझिट तिथल्या तिथे मागून घ्या.